‘सारखं खोडतच असते हो ती’

गेल्या काही वर्षांत मुलांच्या समुपदेशनाच्या कामात एक तक्रार मी इतक्या आयांच्या (आणि हल्ली बाबांच्याही) तोंडून ऐकलीये की आता फोनवर "मॅडम, चित्रकलेचं जरा..." एवढं कानावर आलं तरी पुढचं मी मनातच पूर्ण करून टाकते. लहानपणी किती छान काढायची हो, हायस्कूलला गेल्यापासून एक चित्र पूर्ण करेल तर शपथ, काढते, खोडते, पान फाडते, रडते. आणि मग शेवटी खरा प्रश्न येतो, आर्टचा विषय सोडायला लावू का?

तर माझं उत्तर आधीच सांगते. सोडायला लावू नका, पण घरात जे चाललंय ते आहे तसंही चालू ठेवू नका. का, ते सांगायला एका मुलीची गोष्ट सांगते. तपशील बदललेत, दोन-तीन मुलींच्या गोष्टी एकीत ओवल्यात आणि सात-आठ सेशन्स इथे चार संवादांत कोंबलीयेत, तेव्हा वाचताना हे सगळं भराभर झालं असं वाटेल. तसं ते नव्हतं, मधली दोन सेशन्स तर आम्ही दोघी नुसत्याच बसलो होतो.

ती १४ वर्षांची. शाळेत आर्टला तीन भाग होते, ड्रॉइंग, डिझाइन आणि मातीकाम. पहिल्या दिवशी आई बोलत होती आणि ही स्केचबुक मांडीवर घट्ट दाबून बसलेली. बाबा मधेच हसून म्हणाले, "काय आहे मॅडम, आमचं मडकं अजून कच्चंय, जरा धक्का लागला की फुटतं." गमतीत म्हणाले हो, पण तिने त्यांच्याकडे असं काही बघितलं की मी ते मनात नोंदवून ठेवलं. अर्थ बऱ्याच उशिरा लागला.

स्केचबुक तिने तिसऱ्या भेटीत दाखवलं. स्वतःच्या डाव्या हाताचं चित्र होतं. चार बोटं बरी आलेली आणि अंगठ्याच्या जागी कागद खोडून खोडून इतका विरलेला की उजेडात धरला तर आरपार दिसत होतं. एका ठिकाणी तर भोकच. अंगठा किती वेळा काढला असेल विचारलं तर म्हणाली, "मोजलं नाही. बाराएक वेळा असेल." मला त्या भोकाचं फार कौतुक वाटलं खरंतर, इतका वेळ एका अंगठ्याकडे बघणारं माणूस मी अलीकडे पाहिलं नव्हतं. पण ते तेव्हा बोलले नाही.

मी मुलांबरोबर एक खेळ खेळते. डोनाल्ड विनिकॉट नावाचे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते (१८९६–१९७१), त्यांचा हा खेळ. आपण कागदावर एक वेडीवाकडी रेघ मारायची, समोरच्याने तिचं काहीतरी करायचं, मग त्याने रेघ मारायची आणि आपण करायचं. जिंकणं-हरणं काही नाही. माझी सगळी शिकवण शेवटी ह्या खेळापाशी येऊन थांबते असं माझे सहकारी मला चिडवतात, चिडवोत. तर मी रेघ मारली आणि तिच्या हातात पेन दिलं. ती टेबलावर काहीतरी शोधायला लागली.

"रबर नाहीये?"

"नाही."

"पेनचं खोडता नाही येणार मग."

"नाहीच येणार."

दहा मिनिटं काही नाही. पेनचं टोपण काढायचं, लावायचं. मग मी विचारलं, चुकलेली रेघ कागदावर तशीच राहिली तर काय होईल?

"सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

"की मला येत नाही."

"आणि आधी येत होतं?"

तिने जरा विचार केला. "आधी येतं असं सगळे म्हणायचे."

इथे एक गोष्ट पालकांना सांगायलाच हवी. व्हिक्टर लोवेनफेल्ड ह्या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ सालीच मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडून ठेवलेत. साधारण नवव्या वर्षापासून मुलांना चित्र खऱ्यासारखं दिसावं असं वाटायला लागतं आणि बाराच्या पुढे ती स्वतःच्या चित्राची फार कडक परीक्षक होतात. म्हणजे होतं काय, की डोळा पुढे धावतो आणि हात मागे राहतो. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचं घर-सूर्य-झाड मस्तच वाटतं कारण त्यात काय चुकलंय ते त्याला दिसतच नाही. चौदाव्या वर्षी दिसतं. तेव्हा "हिची कला गेली" असं जे वाटतं ना, ते बहुतेक वेळा बरोबर उलटं असतं, बघणं सुधारलेलं असतं म्हणून काढलेलं वाईट वाटायला लागतं. नेमक्या ह्या वयात मुलं चित्र काढणं सोडून देतात आणि पुढे आयुष्यभर "मला साधी रेघ सरळ मारता येत नाही" सांगत फिरतात. तुमच्या-माझ्यासारखी.

डिझाइनच्या क्लासमधे पण तेच. पोस्टरसाठी टीचरनी २० छोटी कच्ची स्केचेस मागितली होती, हिने एकच नेलं, पण काय सुंदर रंगवलेलं. मार्क कमी पडले. आईचं म्हणणं, हा अन्याय आहे, इतकं चांगलं काम केलं पोरीने. मी टीचरच्या बाजूची. ती १९ फालतू स्केचेसच तर मागितली होती त्यांनी! पहिली पाच-सहा कुणालाही सुचतात, स्वतःचं काहीतरी नंतर यायला लागतं, आणि ही मुलगी पहिल्यावरच रबर घेऊन बसलेली.

आता मातीकामाचं. आईने येताजाता सांगितलेलं की तीन आठवडे ती त्या क्लासला जातच नाहीये, पोट दुखतं म्हणते. चौथ्या भेटीत तिने स्वतःहून सांगितलं की तिचं भांडं भट्टीत फुटलं आणि शेजारी ठेवलेलं मैत्रिणीचंही त्यात गेलं. मी पटकन म्हणाले, "होतं गं असं, सगळ्यांचंच होतं कधी ना कधी." आणि ती बंद. खिडकीकडे बघत बसली, वेळ संपेपर्यंत. इतकी वर्षं हे काम करतेय पण समजूत घालायची घाई अजून जात नाही माझी.

पुढच्या वेळी मी समजूत घालायच्या फंदात पडले नाही. म्हटलं, मला मातीतलं काही म्हणजे काही कळत नाही, भांडं कसं करतात ते पहिल्यापासून सांग. आधी एकेक शब्द, मग गाडी सुरू झाली. माती मळायची, वळ्या करून एकावर एक चढवायच्या, दोन तुकडे जोडायचे तर दोन्हीकडे ओरखडे मारायचे आणि मधे मातीचाच पातळ चिखल लावायचा, नाहीतर वाळताना सांधा उघडतो. वाळलं की आकसतं. पूर्ण वाळलं तरी ते कच्चंच, पाण्यात टाकलं तर परत चिखल. भट्टीत साधारण ६०० डिग्रीच्या पुढे गेलं की मग नाही, मग ती माती परत माती होत नाही. हातवारे करत सांगत होती, आवाज पण वेगळा. ह्या मुलीला "येत नाही" हे वाक्य त्या पंधरा मिनिटांत एकदाही आठवलं नाही.

"मग फुटलं कशाने?"

आवाज परत खाली. "मी नीट मळली नाही माती. हवा राहिली आत."

"हवेने फुटतं?"

"सगळे तसंच म्हणतात."

"तू तुकडे बघितलेस का?"

नव्हते बघितले. पुढच्या भेटीला बुटांच्या खोक्यात घेऊन आली. आम्ही दोघींनी ते टेबलावर मांडले. बाजूची भिंत करंगळीपेक्षा बारीक आणि तळ, तळ चांगला अंगठ्याएवढा जाड. बाजूचे तुकडे मोठे मोठे, तळाच्या मात्र खपल्या उडालेल्या. मधल्या दिवसांत ती टीचरना विचारूनही आली होती. फोडतं ते पाणी. जाड तळात ओल राहते, भट्टी १०० डिग्रीच्या पुढे गेली की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या दीडहजारपटीहून जास्त जागा लागते, ती कुठे जाणार. हवेचा बुडबुडा राहिला तरी तो पूर्ण कोरडा असेल तर सहसा काही होत नाही.

मग मी सहज विचारलं (खरंच सहज, ह्यात माझी काही हुशारी नव्हती), "वाळलंय की नाही हे कळतं कसं?"

"गालाला लावून. गार लागलं तर आत ओल आहे."

"आणि त्या दिवशी?"

ती तळाचा एक तुकडा हातात घेऊन बसली. बराच वेळ. मी ह्या वेळी गप्प राहिले.

"लावलं होतं. गार होतं."

"मग?"

"सगळ्यांची झाली होती. एक्झिबिशन होतं. टीचरनी विचारलं सगळ्यांची वाळली का, मी हो म्हटलं."

आणि मग रडली, पण ते रडणं पान फाडतानाचं नसावं. मला त्या क्षणी अंगठ्याच्या जागचं ते भोक आठवलं आणि सगळं एका रांगेत लागलं. इतके दिवस मी आणि घरचे सगळे समजत होतो की हिला चुकण्याची भीती वाटते. चुकण्याची नव्हतीच. अर्धवट असताना कुणी बघितलं तर, ह्याची होती. कागदावर अर्धवट दिसलं की ती खोडायची आणि मातीत खोडता येत नाही म्हणून "झालंय" म्हणून मोकळी झाली. चित्र आणि भांडं, दुखणं एकच. मला वाटतं माझ्या इतक्या वर्षांच्या कामात अशी चार-पाचच सेशन्स असतील जिथे मी घरी जाताना रस्ता चुकले, त्यातलं हे एक.

तिला मी एवढंच विचारलं की तेव्हा "माझं अजून गार आहे" म्हटलं असतं तर काय झालं असतं. म्हणाली, "पुढच्या भट्टीत गेलं असतं. बस." आणि हसली स्वतःच.

त्यानंतर हा शब्दच आम्ही वापरायला घेतला. घरी तिने सांगायचं "गार आहे", की त्या कागदाकडे कुणी बघायचं नाही, बघितलं तर बोलायचं नाही. ऐकायला पोरकट वाटेल, पण घरच्यांना हे जमायला मुलीपेक्षा जास्त दिवस लागले. कारण त्या घरात प्रत्येक चित्राचा अर्धा असतानाच फोटो निघायचा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर जायचा, खाली वीस जणांचे "वा, आर्टिस्ट!" प्रेमानेच हो. पण मुलीच्या बाजूने विचार करा, अंगठा अजून यायचाय आणि आर्टिस्ट म्हणून शिक्का बसलाय, आता तो अंगठा आर्टिस्टसारखाच यायला हवा.

स्तुतीवर अभ्यास झालेत. म्युलर आणि ड्वेक ह्या दोघींचा १९९८चा प्रसिद्ध आहे, "हुशार आहेस" म्हटलेली मुलं अपयश आल्यावर लवकर ढेपाळली आणि "मेहनत केलीस" म्हटलेली टिकून राहिली. मी ह्याच्या जरा पुढे जाते. "छान मेहनत घेतलीस" हाही शेवटी निकालच, चौदा वर्षांच्या पोरांना तो बरोबर ओळखू येतो. त्यापेक्षा विचारा. हे कसं केलंस, ही सावली इथे गडद का घेतलीस, सगळ्यात त्रास कुठे झाला. चित्रकलेतलं काही कळत नसेल तर फारच उत्तम, मग प्रश्न खरे येतात. आणि "हे काय काढलंयस?" एवढं मात्र विचारू नका, त्याने काळजात कळ येते. रबर काढून घेणारे पालक पण असतात, नका घेऊ, रबर हेही ड्रॉइंगचंच साधन आहे. आम्ही फक्त ठरवलं की पहिली दहा मिनिटं पेन. त्यातही कागदाकडे न बघता नुसतं वस्तूकडे बघत पेन न उचलता काढायचं. ते चित्र चांगलं येऊच शकत नाही, कुणाचंच येत नाही, माझं तर बघवत नाही, आणि म्हणूनच कुणाला दाखवायचा प्रश्न येत नाही. नजर मात्र तयार होते.

एक सांगून ठेवते, खोडणं फक्त चित्रापुरतं नसेल, सगळ्याच वह्या परत परत लिहिणं, झोप उडणं, शाळेलाच नको म्हणणं, असं आठवडेच्या आठवडे चालू असेल तर आर्टच्या क्लासला दोष देत बसू नका, कुणाला तरी भेटा. मला नाही तर दुसऱ्या कुणाला.

मैत्रिणीला तिने सांगितलं. घाबरत घाबरत, "माझ्यामुळे तुझं फुटलं." तर ती मैत्रीण म्हणे, "अगं, मला वाटत होतं माझं फुटलं आणि तुझ्यावर गेलं!" तीन आठवडे दोघी एकमेकींना चुकवत होत्या.

शेवटच्या भेटीला बाबाही आले आणि सवयीने परत ते कच्च्या मडक्याचं म्हणाले. ह्या वेळी तिने त्यांना थांबवलं आणि सगळं समजावून सांगितलं, पाण्यात टाकलं तर परत माती, कच्चं आहे तोवरच बदलता येतं, ६०० डिग्रीनंतर नाही. मी मधे एक शब्द बोलले नाही ह्याचा मला जरा अभिमान आहे. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग किती दिवस वाळवायचं असतं?"

"जाडीवर आहे बाबा."

खोडते अजूनही. आईचा मेसेज असतो मधूनमधून. हाताचं ते चित्र तिने नव्या पानावर परत काढलं म्हणे, अंगठा सोडून.

तळाचा एक तुकडा तिने मला दिला, तो माझ्या टेबलावर पेनांच्या शेजारी असतो. परवा एक आठवीतला मुलगा आला होता, बोलायला तयार नाही, टेबलावरचं सगळं हाताळून झालं, मग तो तुकडा उचलून विचारलं, "हे कोणी फोडलं?"

म्हटलं, "पाण्याने."

"पाण्याने कसं फुटेल?" म्हणाला, आणि खुर्ची पुढे ओढली.