युक्रेनमधल्या युद्धानं आपल्या बेळगावकडे तेल का महागलं?

कारण तेव्हा भारतात येणारं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियाचं होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये युद्ध पेटलं, काळ्या समुद्रातली बंदरं अडली. मग सगळे पामतेलाकडे वळले, तर एप्रिलअखेर इंडोनेशियानं त्याचीही निर्यात रोखली. निपाणीत आमची आई तेव्हा लिटरची पिशवी सोडून पाव किलो सुटं तेल आणायची; तळण झालं की उरलेलं गाळून ठेवायची.

पण मला खरी काळजी वाटते ती खताची. रशिया-बेलारूसचं पोटॅश अडलं, की चिकोडीकडच्या ऊसवाल्याचा एकरी खर्च वाढतो, आणि उसाचा दर काही त्याच्या हातात नसतो. जुलै 2022 च्या करारानं युक्रेनच्या बंदरांतली धान्याची जहाजं सुटली खरी, पण वर्षभरात रशिया त्यातून बाहेर पडला.