एकदा रोवणी, चार वर्षं धान: बियाणं मिळेल का?

प्रश्न (मौदा तालुका): चीनमध्ये एकदा रोवलेला धान चार वर्षं कापतात, असा व्हिडिओ पाहिला. बियाणं नागपुरात कुठे मिळेल?

उत्तर: भाऊ, व्हिडिओतली गोष्ट खरी आहे, पण आपल्याकडे या वाणाची शिफारस नाही. फोनवरून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

चीनच्या युनान विद्यापीठाने आफ्रिकेतल्या बहुवर्षायू, म्हणजे वर्षानुवर्षं जगणाऱ्या, रानधानाशी संकर करून 'पीआर२३' हा वाण २०१८ मध्ये शेतकऱ्यांना दिला. चार वर्षांत आठ कापण्या झाल्या आणि प्रत्येक कापणीला सरासरी हेक्टरी ६.८ टन धान आला. दरवेळी रोवलेल्या धानाचा उतारा ६.७ टन होता. पाचव्या वर्षी मात्र उत्पादन घसरतं. तणनाशकाची एक-दोन फवारणी जास्त लागते. खोडव्याच्या, म्हणजे कापलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाच्या, हंगामात मजुरी ५८ टक्के वाचते, आणि व्हिडिओवाले तेवढंच सांगतात.

पण वाचलेली मजुरी कोणाची? पऱ्हे उपटणं आणि रोवणी बायांच्या हातची. त्या दिवसांच्या रोजीवर कितीतरी घरांचा पावसाळा निघतो. दुसरं, धान निघाला की आपण बांधीत गुरं मोकळी सोडतो. ही वहिवाट एकहंगामी पिकामुळे पडली आहे. खोडवा राखायचा तर आधी गावाला चराईचा नियम बदलावा लागेल, एकट्याचं कुंपण पुरणार नाही. शिवाय बुडखा जिवंत ठेवायला ओल हवी, आणि आपली बांधी एप्रिलमध्ये भेगाळते. कालव्याचं पाणी तेव्हा मिळेल याची खात्री असेल तरच पुढचा विचार करा.

तोवर धुऱ्यावर तूर लावाच. तीही मुळात बहुवर्षायूच, पण शेंगा तोडल्या की काढून टाका. जुन्या झाडांवर वांझ रोग टिकून राहतो.

प्रश्न (काटोल तालुका): कपाशीही बहुवर्षायूच आहे. मग फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं राखून पुन्हा कापूस, घेतली तर काय बिघडलं?

उत्तर: झाडाबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण झाड शेतात राहिलं की गुलाबी बोंडअळीलाही खाणं मिळत राहतं, आणि ती पुढच्या हंगामात तुमच्यासोबत शेजाऱ्याच्याही बोंडांत शिरते. चिनी धान बहुवर्षायू म्हणूनच निवडून तयार केला, तुमची संकरित बीटी कपाशी तशी केलेली नाही. पाणी असलं तरी मोह टाळा. डिसेंबरअखेर वेचणी संपवा, पऱ्हाट्या श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा. कुंपणाला किंवा घरामागे रचून ठेवू नका. किडकी बोंडं मात्र वेगळी वेचून जाळा.