143 चौरस फुटांची खोली, बिल 162 चौरस फुटांचं

टिळकवाडीतली तुझी खोली 13 बाय 11, म्हणून 143 चौरस फूट कार्पेट पुरेल असं धरलंयस. इथंच गल्लत होते बघ. कार्पेट रोलमधून कापतात आणि रोलची रुंदी ठरलेली असते, बहुतेक 12 फूट. तुझी 11 फुटांची बाजू त्या रुंदीत बसेल, पण लांबी 13 नको, कडा कापायला जागा हवी म्हणून साडेतेरा धर. पैसे रोलच्या पूर्ण रुंदीचे, म्हणजे 12 गुणिले साडेतेरा, 162 चौरस फूट झालं. समजा दर 60 रुपये असला, तर बिल 8580 नाही, 9720. उरलेली पट्टी तुझीच, दुकानात सोडून येऊ नकोस.

माप टेपनं दोन्ही टोकांना घे. आमच्या जुन्या घरात भिंती तीन इंच वाकड्या होत्या, आणि मी दाराची खाच मोजायची विसरलो. उंबऱ्याशी वीतभर शहाबादी फरशी तशीच उघडी राहिली, पाहुणे आले की मी तिथं पायपुसणं सरकवायचो.

खोली 12 फुटांपेक्षा रुंद असेल तर जोड आलाच. दोन्ही तुकड्यांची लव, म्हणजे वरचे मऊ धागे, एकाच दिशेला हवी, हात फिरवून बघ, नाहीतर उजेडात दोन रंग दिसतात. नक्षी जुळवायची असेल तर आणखी जास्त लागतं.

खडे बाजारात भाव विचारताना खालचा फोम, बसवायची मजुरी आणि टॅक्स धरून विचार. आणि घाई कसली? आपल्याकडं पावसाळ्यात फरशीला ओल सुटते. दिवाळीनंतरच बसव की.