मोर्चा वेगळा, मतपेटी वेगळी

आजवर संस्थेतर्फे मोर्चे काढलेस, आता स्थानिक निवडणुकीला उभं राहायचं ठरवतोयस, चांगलंच आहे. पण आधी घरी बोल. पुढचे काही महिने तू घरच्यांच्या वाट्याला येणार नाहीस.

मग मतदार यादी मिळव आणि बसून वाच. तुझ्याबरोबर घोषणा देणाऱ्यांपैकी कितीतरी जण त्या यादीत नसतील, किंवा दुसऱ्याच प्रभागात निघतील. मी पहिल्यांदा पडलो तो इथेच. सभेची गर्दी बघून हुरळून गेलो होतो, दुसरं काय! मागच्या वेळी किती मतांवर माणूस निवडून आला, तेही काढ. स्थानिक निवडणुकीत फरक बऱ्याचदा मूठभर मतांचा असतो, म्हणून दारोदार फिरण्याला पर्याय नाही. दारात भाषण नको. तक्रार ऐक, वहीत लिही. जे त्या पदाच्या अखत्यारीतच नाही, त्याचं आश्वासन तर मुळीच नको.

अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. एका राहिलेल्या सहीपायी छाननीत बाद झालेले पाहिलेत. खर्चाचा हिशेब रोजच्या रोज, तोही हिशेबी माणसाकडे. संस्थेची गाडी, पैसा प्रचाराला लावू नकोस.

आणि आजवर तू फक्त मागण्या करत होतास. आता लोक विचारतील, यासाठी कुठला खर्च कापणार? उत्तर तयार ठेव.