पुरात तगणारा भात: चार प्रश्न

प्रश्न: ‘सब-१’ जनुक पाण्याखाली गेलेला भात कसा वाचवतं?

उत्तर: बुडालेलं रोप भराभर उंच वाढून हवेशी पोहोचू पाहतं. या धडपडीत खोडातला पिष्टाचा साठा संपतो आणि पाणी ओसरलं की रोप लोळतं. ओडिशातल्या ‘एफआर १३ए’ या वाणातलं सब-१ए (सब-१ चाच नेमका भाग) जनुक हीच वाढ रोखून धरतं. साठा शिल्लक राहतो, त्यातून पुन्हा पालवी फुटते. साधारण दोन आठवडे बुडालेलं पीक असं वाचू शकतं.

प्रश्न: मग ‘स्वर्णा’ या भाताच्या वाणात हे जनुक आणून केलेला ‘स्वर्णा-सब-१’ जीएम (प्रयोगशाळेत जनुकीय बदल केलेला) आहे का?

उत्तर: नाही. भाताचंच जनुक, तेही साध्या संकरातून आलेलं. स्वर्णा आणि सब-१ असलेला दाता वाण यांच्या पहिल्या संकराची रोपं पुन्हा पुन्हा स्वर्णाशीच संकरित केली. एका फेरीनंतर सरासरी ७५ टक्के स्वर्णा, दुसरीनंतर ८७.५, तिसरीनंतर ९३.७५. पुराची वाट न बघता पानाच्या तुकड्यातला डीएनए मार्करनं (जनुकाची खूण पटवणाऱ्या डीएनए-तुकड्यानं) तपासून रोपं निवडली जातात. आधी सब-१ आहे का ते पाहायचं. मग त्याच्या दोन्ही अंगांचा डीएनए स्वर्णाचाच आहे ना, ते. शेवटी उरलेली गुणसूत्रं. खरी मेहनत मधल्या चाळणीत आहे. जनुकाला चिकटून दात्या वाणाचे नको असलेले गुण येतात. ही जोडी तुटलेली रोपं क्वचित मिळतात, म्हणून शेकडो रोपं तपासावी लागतात.

प्रश्न: स्वर्णा-सब-१ चं तूस फिकट दिसतं. बियाण्यात भेसळ आहे का?

उत्तर: रंगावरून भेसळ ठरवू नका. मूळ स्वर्णाचं तूस सोनेरी-तपकिरी, याचं पेंढ्याच्या रंगाचं. तुसाचा रंग ठरवणारं जनुक सब-१ जवळच आहे, ते जोडीनं आलं. उलट त्यामुळे दोन्ही वाण वेगळे ओळखता येतात.

प्रश्न: बांधीत महिनाभर गुडघाभर पाणी होतं. सब-१ वाण असूनही पीक का गेलं?

उत्तर: हे जनुक अचानक येऊन ओसरणाऱ्या पुरासाठी आहे. पाणी साचूनच राहिलं तर रोपाला उंच व्हावं लागतं. तिथे वाढ रोखणं उपयोगाचं नाही. पेरल्याबरोबर पाणी तुंबलं तरी हे जनुक बी वाचवत नाही. पाणी गढूळ आणि कोमट असेल, तर पुरातही तग कमी दिवसांची. पाणी उतरल्यावर पानं कुजलेली दिसली म्हणून लगेच नांगर घालू नका. आठवडाभर थांबा, बुंधा दाबून पाहा. टणक असेल तर जीव आहे. नवी पानं आल्यावरच युरिया द्या.