कमी बजेटमध्ये आरामदायी चालणारी जुनी गाडी कशी निवडावी?

लांब व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) साधी सेडान घ्या, आणि तिच्यातही लहान रिमचं खालचं मॉडेल. टायरवर १८५/६५ आर १५ लिहिलं असेल तर ६५ हा आकडा पाहा: टायरच्या कडेची, म्हणजे रिमबाहेरच्या रबराची, उंची रुंदीच्या ६५ टक्के. तो ६० च्या वर असला की खड्ड्याचा पहिला दणका रबर आणि हवाच खाते. १७ इंची अलॉयवर ४५ चा टायर दिसतो झकास, पण दणका थेट पाठीत. मॉडेलपेक्षा अवस्था महत्त्वाची. शॉक अब्सॉर्बरवर तेल ओघळलंय, लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) रबरी बुश फाटलेत, किंवा टायरच्या कडेवरच्या चार अंकांवरून (२३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा) तो सहा वर्षांहून जुना निघाला, तर भाव पाडून घ्या. शॉक जोडीनेच बदलावे लागतात. टेस्ट ड्राइव्हआधी दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरून घ्या, कमी हवेत कुठलीही गाडी मऊ भासते. मग खराब रस्त्यावर ताशी ३० ने चालवा. नुसती खडखड बहुधा स्टॅबिलायझर लिंकची (गाडीचं झुकणं रोखणाऱ्या दांड्याला जोडणारा छोटा भाग) असते, दुरुस्ती स्वस्त. स्पीडब्रेकरनंतर दोन-तीनदा डुलत राहिली तर मात्र शॉक संपलेत. विक्रेता त्यालाच आराम म्हणेल! मऊ सस्पेन्शन वळणावर जास्त झुकतं, त्यामुळे घरात कुणाला गाडी लागत असेल तर त्यांना मागे बसवूनच चक्कर मारा.