गाणं लिहिल्याने मन हलकं होतं का? संगीत न शिकलेल्याला लिहिता येतं का?

मी गवई नाही. इंदूरला रामबागेत वाढलो, हिशेबाचं काम करतो. बाबा गेले त्या वर्षी झोप लागेना म्हणून वहीत गाणी लिहायला लागलो. पहिली तीस-चाळीस पानं नुसते अश्रू, काळोख आणि अथांग सागर. (इंदूरला कुठला आलाय सागर!) मन हलकं झालं नाहीच, उलट रोज तेच उगाळून जास्त जड व्हायचं.

फरक पडला तो अक्षरं मोजायला लागल्यावर. 'मोठा अभंग' या छंदाचं माप सोपं आहे, चार चरणांत अक्षरं अशी: सहा, सहा, सहा, शेवटी चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. बोटांवर मोजत बसलं की डोळे पुसायला बोटं मोकळी राहत नाहीत. आठवडाभर खपून एवढंच जमलं:

खुंटीला अजून
टोपी तुझी काळी
झाडते सकाळी
धूळ नाही

हे आईच्या तोंडचं, कारण टोपी तीच रोज झटकते. तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "अरे, मी त्यांना कधी तरी 'तुझी' म्हटलंय का?" 'तुझी'चं 'त्यांची' केलं. अक्षरं तेवढीच राहिली, पण गाणं खरं झालं. बाबा गेल्यानंतर आम्ही दोघं त्यांच्याविषयी धड बोललो ते त्या दिवशी, आणि तेही 'तुझी की त्यांची' यावरून.

चालीचं म्हणाल तर नवी कशाला हवी? येत असलेल्या एखाद्या अभंगाच्या चालीवर म्हणून बघा. जीभ अडखळली तर शब्द चुकलाय. 'धूळ नाही' ध्रुवपदासारखं परत परत घ्या, दर कडव्यानंतर त्याचा अर्थ थोडा सरकतो.

आमच्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी कुमार गंधर्वांचं नाव काढतंच. १९४८ च्या सुमारास क्षयामुळे ते इथून जवळच देवासला आले, काही वर्षं गाणं बंद होतं. त्या काळात माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांच्या रागांत, बंदिशींत उतरली. पण भिया (आमचं इंदुरी 'भाऊ'), क्षय बरा झाला तो स्ट्रेप्टोमायसिन या औषधाने. तुमचीही झोप महिनोन्‌महिने उडाली असेल तर आधी डॉक्टरकडे जा, वही शेजारी राहू द्या. मीही गेलो होतो.

ते कडवं आता आईच्या भजनी मंडळात म्हणतात. तिथल्या एक काकू 'टोपी'च्या जागी 'काठी' म्हणतात. अक्षरं तेवढीच राहतात, म्हणून कोणी टोकत नाही.